तळमजल्यातच निम्मा केक

घरी लग्नाचा तीन मजली केक करायचा तर 6, 8 आणि 10 इंचांचे गोल टिन घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे केक किलोवर मागायची सवय, पण मजले ठरवताना इंचच धरावेत. 8 इंचांचा टिन 6 इंचांच्या टिनापेक्षा थोडासाच मोठा दिसतो आणि मिश्रण मात्र पावणेदोन पट मागतो. उंची सारखी असली की मिश्रण व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. सहाचा वर्ग 36, आठाचा 64, दहाचा 100. वरच्या दोघांची बेरीज तळच्या एकट्याएवढी! निम्मं सामान तळमजल्यातच जातं.

8 इंचांना 4 अंडी लागत असतील, तर 6 इंचांना सव्वादोन आणि 10 इंचांना सव्वासहा. पाव अंडं हवं असेल तेव्हा अंडं फेटून वजनावर घ्यावं. कवचाशिवाय ते साधारण 50 ग्रॅम भरतं. मैदा, साखर, लोणी याच हिशेबाने. बेकिंग पावडर मात्र मोठ्या टिनात प्रमाणापेक्षा थोडी कमी घालावी. रुंद टिनात मधला भाग उशिरा शिजतो. तोवर बुडबुडे फार फुगून फुटले, तर केक मधोमध खचतो.

प्रत्येक मजला 4 इंच उंच ठेवून 1 बाय 2 इंचांचे काप केले, तर पाऊणशे पाहुण्यांना केक पुरतो. माणसं जास्त असतील तर मजला चढवू नये, त्याच चवीचा साधा चौकोनी केक आत कापून वाढावा. ताज्या फुलांसाठी रुंद कडा हवी असेल तर 6, 9, 12 ही मापं देखणी दिसतात, पण मिश्रण तीसेक टक्के वाढतं. शिवाय 12 इंचांचा टिन घरातल्या ओटीजीत मावतो का, आणि भोवती हवा खेळायला जागा उरते का, हे आधी पाहावं. गोव्याकडे करतात तसा रममध्ये मुरवलेल्या सुक्या फळांचा केक असेल, तर तो काही आठवडे टिकतो. एकाच ओव्हनवर एकेक मजला सवडीने भाजता येतो.

मऊ स्पंज वरचं ओझं पेलत नाही. म्हणून वरच्या प्रत्येक मजल्याखाली त्याच मापाचा केक बोर्ड, आणि त्या बोर्डाला आधार द्यायला खालच्या मजल्यात डॉवेल, म्हणजे उभे बारीक दांडे. पहिला डॉवेल केकमध्ये खुपसून उंचीची खूण करावी आणि त्या मजल्याचे बाकीचे त्याच मापाने कापावेत, कारण एखादा जरी आखूड राहिला तरी वरचा मजला कलतो.