ऑगर: इंग्रजीतला शकुन

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळताना एक शब्द हमखास भेटतो, 'ऑगर'. एखादी गोष्ट पुढच्या बऱ्यावाईटाची चाहूल देते, तेव्हा हे क्रियापद वापरतात.

मूळ प्राचीन रोममधलं. तिथे 'ऑगर' म्हणजे पुरोहित. पक्षी कुठून उडाले, कसे ओरडले, ते बघून तो देवांचा कौल सांगायचा. प्रसिद्ध वक्ता सिसेरोही ऑगर होता. नव्या कामाआधी असा कौल घेत, म्हणून 'इनॉग्युरेशन' या शब्दातही हाच ऑगर बसलाय.

आता गंमत बघा. संस्कृतात 'शकुन' म्हणजे चक्क पक्षी! शकुंतलेचं नावही त्यावरूनच, कारण रानात तिला पक्ष्यांनी सांभाळलं. आपल्याकडे भारद्वाज दिसला की शुभ आणि कावळा ओरडला की पाहुणे येणार. म्हणजे रोमन काय, आपण काय, सगळे आभाळाकडेच बघत होतो.

वापर सोपा आहे. जूनमधला चांगला पाऊस खरिपासाठी 'ऑगर्स वेल', पावसाने दडी मारली तर 'ऑगर्स इल'. पण ही फक्त चाहूल, खात्री नाही. पेरणीनंतरही पाऊस दगा देतोच की!

स्पेलिंग सांभाळा. शेवटच्या 'आर'आधी 'यू' हवा. तिथे 'ई' लिहिलात तर शकुनाचं होतं गिरमिट, भोक पाडायचं! आणि परीक्षेला जाताना भारद्वाज दिसला तरी हे स्पेलिंग पाठ करूनच जा.