३.३ किलोवॉटच्या पॅनलला ३ चा इन्व्हर्टर? चालतं की!

रिठदला गच्चीवर ५५० वॉटचे सहा पॅनल, म्हणजे ३.३ किलोवॉट बसवले आणि सोबत ३ चा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आला, तर फसवलं म्हणून भांडू नका. पॅनलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले असतात: ऊन चौरस मीटरला १००० वॉट, सेलचं तापमान २५ अंश. आपल्या वाशिमच्या मे महिन्यात सेल सहज ६५ अंशांवर जातो. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के गेले. उरले २.८४ किलोवॉट. धूळ वेगळीच!

गंमत म्हणजे जास्त वीज हिवाळ्यातल्या स्वच्छ, गार दुपारी मिळू शकते. तेव्हा इन्व्हर्टर ३ च्या वरची वीज घेत नाही, एवढंच, जळत नाही. पॅनल इन्व्हर्टरच्या सव्वापटीपर्यंत सहसा चालतात.

खरा धोका व्होल्टेजचा. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, आणि कमाल डीसी मर्यादा ओलांडली तर इन्व्हर्टर कायमचा जातो.

आणखी एक: पीएम सूर्यघरचं अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर यांतल्या कमी क्षमतेवर ठरतं. त्यामुळे ३ किलोवॉटचे पूर्ण ७८,००० रुपये हवे असतील, तर इन्व्हर्टर ३ च्या खाली घेऊ नका.