वाऱ्यातील ध्वनी आणि संगणकाचे गणित

दुरून दिलेली हाक वारा आपल्याकडे वाहत असता स्पष्ट ऐकू येते. वारा उलट असता तीच विरून जाते. वारा आवाज वाहून नेतो, हे याचे रूढ स्पष्टीकरण अपुरे आहे. सेकंदाला १० मीटर हा वाऱ्याचा वेग ध्वनीच्या सुमारे ३४० मीटर वेगाच्या जेमतेम तीन टक्के भरतो. खरे कारण गणिती जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये सांगितले. वारा जमिनीलगत मंद, तर उंचावर वेगवान असतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर निघालेल्या तरंगाचा वरचा भाग पुढे सरतो आणि तरंग जमिनीकडे वाकतो. वाऱ्याविरुद्ध निघालेला तरंग वर वाकतो आणि खाली ध्वनीची छाया पडते.

जेट इंजिनाभोवतीच्या प्रवाहात मात्र असे चित्र कागदावर सोडविता येत नाही. तेथे संगणकाचे साहाय्य घ्यावे लागते. अवकाशाची बारीक जाळी कल्पून तिच्या प्रत्येक बिंदूवरील दाब व वेग क्षणाक्षणाने मोजीत जाणे, ही संख्यात्मक पद्धती होय.

पहिली अडचण प्रमाणाची आहे. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल. साध्या संभाषणाचा ध्वनिदाब सुमारे ०.०२ पास्कल, म्हणजे पन्नास लाखांश! गणितातील किंचित चूकही ध्वनीचे सोंग घेऊ शकते. म्हणून पुष्कळदा मूळ प्रवाह आधी निश्चित करून, त्यावरील सूक्ष्म क्षोभाचीच समीकरणे वेगळी सोडवितात.

दुसरी अडचण श्रमाची. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. प्रत्येक तरंगलांबीत दहा बिंदू घेतले, तर शंभर मीटर बाजूच्या घनाला अडीच हजार कोटी बिंदू लागतात. शिवाय कूरांट, फ्रीडरिख्स व लेवी यांनी १९२८ मध्ये दाखविल्याप्रमाणे, साध्या पद्धतींत कालाची पायरीही बिंदूंमधील अंतराच्या मानाने लहानच ठेवावी लागते. नाहीतर उत्तर भरकटते.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. जाळीवर लहान तरंग खऱ्या वेगाने न धावता मागे रेंगाळतात. एकसंध स्पंद विस्कटतो. १९९३ मध्ये क्रिस्टोफर टॅम व जे वेब यांनी सूत्रातील गुणक असे निवडले, की तरंगांचे वेग शक्य तितके अचूक राहावेत. त्यामुळे थोड्या बिंदूंतही विश्वसनीय उत्तर मिळू लागले.

शेवटचा प्रश्न सीमेचा. निसर्गात ध्वनी दूर निघून जातो. संगणकातील जाळीला मात्र कड असते आणि कडेवरून खोटा प्रतिध्वनी परततो. १९९४ मध्ये बेरांजे यांनी विद्युच्चुंबकीय तरंगांसाठी तरंग शोषणारा थर सुचविला. फांग ह्यू यांनी १९९६ मध्ये तो वाहत्या हवेतील ध्वनीला लावला. प्रवाहामुळे त्यात अस्थिरता उद्भवते असे आढळल्यावर २००१ मध्ये त्यांनीच सुधारित रूप मांडले.

अशा गणिताची कसोटी साधी आहे. एकसमान वाऱ्यात उठलेला स्पंद वर्तुळाकार पसरला पाहिजे, त्या वर्तुळाचे केंद्र वाऱ्याच्या वेगाने सरकले पाहिजे आणि कडेपाशी तो निमूटपणे नाहीसा झाला पाहिजे. विमानतळाशेजारच्या वस्तीला किती गोंगाट सोसावा लागेल, याचा अंदाज ज्या आकड्यांवरून बांधावयाचा, त्यांनी निदान ही परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो प्रश्न संगणकाला प्रथम विचारणे, ही या शास्त्राची खरी शिस्त होय.