किल्लीविरहित कुलूप
किल्लीविरहित इलेक्ट्रॉनिक कुलूप म्हणजे संकेतांक, बोटाचा ठसा, कार्ड किंवा मोबाइल फोन वापरून उघडता येणारे कुलूप होय. चार अंकी संकेतांकाच्या १०,००० शक्यता असतात. मात्र नेहमीच्या वापराने चार बटणे झिजून ओळखू येऊ लागल्यास त्या अंकांच्या केवळ २४ रचना उरतात. म्हणून संकेतांक अधूनमधून बदलणे इष्ट ठरते. बोटाचा ठसा बदलता येत नाही. घराच्या मुख्य दारासाठी निवड करताना बॅटरी संपल्यावर कुलूप कसे उघडेल, हे पाहणे महत्त्वाचे असते. काही कुलपांना त्यासाठी पर्यायी किल्ली असते, तर काहींना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवण्याची सोय असते. आगीच्या वेळी बाहेर पडता यावे, यासाठी आतील मूठ विजेविना व संकेतांकाविना फिरणे आवश्यक असते.