सोन्याचे कण, प्रकाशाची उष्णता आणि कॅन्सर

घरात कुणाला कॅन्सर निघाला की साऱ्या कुटुंबाचा धीर सुटतो. आजाराइतकीच भीती केमोथेरपीची वाटते. हे औषध रक्तातून अंगभर फिरते आणि रोगी पेशींबरोबर निरोगी पेशींनाही मारते. म्हणून केस गळतात, उलट्या होतात, अन्न गोड लागत नाही. औषधाचा मारा फक्त गाठीवरच करता येईल का? यावर शास्त्रज्ञांचे काय प्रयत्न चालू आहेत, ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शे-दीडशे नॅनोमीटरच्या कणांवर सोन्याचा मुलामा देऊन ते शिरेतून रक्तात सोडतात. अनेक गाठींच्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यामुळे कण तेथे साठतात. मग डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर प्रकाश गाठीवर सोडतात. सोने तो शोषून तापते आणि गाठीच्या पेशी मरतात. याच कणांत औषध भरले, तर उष्णतेने ते गाठीतच सुटते. एकाच जागी दोन मारे बसतात.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या नाओमी हॅलस व जेनिफर वेस्ट यांच्या गटाने 2003 मध्ये उंदरांवर नुसत्या उष्णतेचा प्रयोग प्रसिद्ध केला. 2019 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या 16 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. 15 जणांवर उपचार पूर्ण करता आला. तिथेही औषध नव्हते, फक्त उष्णता होती. आपल्या मुंबईची आयआयटी आणि खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये शरीरात विरघळून बाहेर पडणारे सोन्याचे कण उंदरांवर वापरले व त्यांच्या गाठी नष्ट झाल्याचे दाखवले.

उष्णता आणि औषध यांचा जोड-उपचार मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. तेव्हा ‘सोन्याच्या औषधाने कॅन्सर बरा करतो’ असे कुणी सांगितले, तर त्याच्या नादी लागून घरातले किडूकमिडूक गहाण टाकू नका. तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, तर लाजू नका, लपवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा. उद्याचा उपचार उद्या येईल. आज लवकर झालेली तपासणीच जीव वाचवू शकते.