ऊन भरपूर, तरी शाळूचे पान उपाशी का?

देवाने हात आखडता न घेता सोलापूर जिल्ह्याला एकच गोष्ट दिली आहे, ती म्हणजे ऊन. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर लख्ख प्रकाश. पिकाचे अन्न उन्हात तयार होते, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो. मग याच जिल्ह्यात एखाद्या साली शाळू कमरेएवढाच राहतो, कणीस पोटरीतच अडकते आणि दाणा भरतो तो निम्माच, हे कसे? ऊन तर त्याही साली कमी पडलेले नसते.

याचे उत्तर पानाच्या आत आहे. ते समजून घेतले तर कोळपणी का करायची, विरळणी का करायची आणि विहिरीत एकच पाणी शिल्लक असेल तर ते कधी द्यायचे, या रोजच्या प्रश्नांची उत्तरेही आपोआप मिळतात.

झाड माती खाऊन वाढते अशी फार पूर्वी समजूत होती. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या गृहस्थाने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड माती तोलून भरली आणि त्यात वाळुंजाच्या जातीचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र दोनच औंस घटली. मग एवढे वजन आले कोठून? त्याला वाटले, पाण्यातून. अर्धे उत्तर बरोबर होते. उरलेले अर्धे हवेत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला कर्बवायू, आणि मुळांनी ओढलेले पाणी यांच्यापासून पान उन्हाच्या जोरावर साखर बनवते. पानातले हिरवे रंगद्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, ऊन पकडण्याचे काम करते. या साऱ्या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. दाणा, कडबा, उसातली साखर, तुरीची डाळ, सगळ्यांचे मूळ तेथे आहे.

घरातल्या मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येते. विहिरीतल्या किंवा ओढ्यातल्या पाणवनस्पतीची एक हिरवी काडी काचेच्या पेल्यात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. थोड्या वेळाने तुटलेल्या टोकातून बारीक बुडबुडे वर येऊ लागतील. हा अन्न तयार होताना बाहेर पडणारा प्राणवायू. मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मुलांना मोजू द्या. मग पेला सावलीत न्या, संख्या घटेल. परत उन्हात आणून पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, बुडबुडे बहुधा वाढतील, कारण सोड्यातून त्या काडीला कर्बवायूचा जादा पुरवठा होतो. झाडे उन्हातच प्राणवायू सोडतात हे इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये अशाच बुडबुड्यांवरून दाखवले होते. त्याला लागले तेवढेच साहित्य आपल्यालाही लागते.

आता मुख्य मुद्दा. या कामाचा वेग ठरतो तो ऊन, कर्बवायू, पाणी, उष्णता आणि हरितद्रव्य यांवर. पण ही सगळी मिळून सरासरी काढून वेग ठरत नाही. १९०५ साली ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितले की, ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असेल, तीच साऱ्या कामाला अडवून धरते. आपल्या घरातल्या बायकांना हे सांगायला ब्लॅकमन कशाला हवा! चुलीचा जाळ कितीही वाढवला तरी पीठ संपल्यावर भाकरी वाढत नाही. सोलापूरच्या उघड्या रानात जाळ भरपूर आहे. कमी पडते ते पीठ, म्हणजे कर्बवायू. आणि तो कमी पडतो पाण्यामुळे. हे जरा नीट पाहू.

पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक तोंडे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कर्बवायू आत यायचा तो याच तोंडांनी, आणि पानातली वाफ बाहेर जायची तीही याच तोंडांनी. दार एकच. हवेत कर्बवायू अगदी थोडा, दहा हजार भागांत जेमतेम सव्वाचार भाग. तेवढा मिळवायचा तर तोंडे बराच वेळ उघडी ठेवावी लागतात आणि तोवर पाणी भसाभसा निघून जाते. मुळांनी ओढलेल्या शंभर लिटर पाण्यातले एक-दोन लिटरसुद्धा झाडाच्या अंगी राहत नाही. जमिनीतली ओल आटत चालली की झाड शहाणपणा करते आणि तोंडे मिटून घेते. जीव वाचतो, पण कर्बवायूही बंद होतो. वर ऊन रणरणत असते आणि पान उपाशी बसलेले असते.

दुपारी शाळूची पाने सुरळीसारखी वळलेली आपण पाहतो, ती हीच वेळ. संध्याकाळी पाने उलगडली तर फार काळजी नको. पण भल्या पहाटे शिवारात जाऊन पाहा. तेव्हाही पाने वळलेलीच असतील, तर ओल खोल गेली आणि पिकाचे काम जवळजवळ थांबले असे समजा.

या पाण्याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी मोजणी झाली. एक किलो वाळलेला पाला, धाट, दाणा असा माल तयार करायला ज्वारीच्या पानांतून सुमारे ३०० लिटर पाणी जाते, गव्हाच्या पानांतून ५०० च्या आसपास, तर लसूणघासाला ८०० च्या वर लागते, असे दिसले. हवापाण्याप्रमाणे आकडे बदलतात, पण अंदाजाला हे पुरेत. आता आपली जमीन घ्या. मीटरभर खोल भारी काळ्या रानात पाऊस चांगला मुरला, तर पिकाला घेता येईल असे १५ ते २० सेंटिमीटर पाणी साठते. १५ सेंटिमीटर धरले तरी एकरी सहा लाख लिटर होते. ते सगळेच्या सगळे शाळूच्या पानांतून गेले तर एकरी २० क्विंटल वाळलेला माल, त्यात दाणा, कडबा, मुळ्या सगळे आले. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते या खोल मातीच्या जिवावर. तेथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण सगळे पाणी पिकाला मिळते कोठे? काही भेगांतून उडून जाते, काही तण पिते. वाळवून शंभर किलो भरेल एवढे तण रानात राहिले तर तिकडे तीस हजार लिटर तरी पाणी गेले. हे कुणी बादलीने उपसून नेले असते तर आपण कुऱ्हाड घेऊन धावलो असतो!

म्हणून कोळपणीला आमच्या मते खताइतकाच मान द्यायला हवा. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि रब्बी ज्वारीची कोळपणीची शिफारस सर्वांच्या परिचयाची आहे. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्यात दातेरी कोळप्याने. पहिल्या दोहोंनी तण मरते, तिसरीने भेगा बुजतात. ही तिसरीच पुष्कळजण टाळतात, कारण तोवर तण दिसत नाही आणि बैल भाड्याने आणावे लागतात. पण पाण्याला वाट मिळते ती तेव्हाच. विरळणीचेही तसेच. दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला पुरेशी ओल येते. दाट पेरलेले रान ऑक्टोबरात हिरवेगार दिसते, पण साठवलेले पाणी नाताळाच्या आत पिऊन संपवते आणि दाणा भरायच्या वेळी पाने मिटून बसते. विहिरीत एकच पाणी असेल तर ते पीक पोटरीत येताना, म्हणजे ५० ते ५५ दिवसांचे असताना द्यावे. पाने हिरवी आहेत तोवर दिलेले पाणी कामाला लागते. करपलेल्या पानाला पाजून काय उपयोग?

शाळूच का, असे कुणी विचारील. मोहोळला १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेली ३५-१ ही जात अजून लोकांच्या तोंडी आहे. तिच्यामागे ज्वारीच्या साऱ्या कुळाचा एक गुण आहे. ज्वारी, मका, बाजरी आणि ऊस यांच्या पानांत कर्बवायू आधी पकडून एका जागी दाटीने साठवायची सोय असते. त्यामुळे तोंडे थोडी उघडूनही त्यांचे भागते आणि कडक उन्हातही काम चालते. हरभरा, गहू, करडई, तूर यांना ही सोय नाही. ही युक्ती उकलली उसाच्या पानावरच, ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ मध्ये. ऊस एवढा काटकसरी, मग तो विहिरी का आटवतो? कारण तो वर्ष-दीड वर्ष, उन्हाळ्यासकट, शेतात उभा असतो. शाळू चार महिन्यांत, तेही थंडीत, आपले काम उरकतो. उजनीचे पाणी आल्यावर हा फरक पुष्कळांच्या नजरेआड झाला.

टंचाई नेहमी पाण्याचीच असते असे मात्र नाही. नान्नजची द्राक्षे घ्या, जेथून ‘सोनाका’ ही जात निघाली. ठिबकाचे पाणी आहे, खत आहे, पण मांडवावर पानांवर पाने दाटली की आतल्या पानांना ऊन पोचत नाही. तेथे टंचाई उजेडाची. एप्रिल छाटणीनंतर काडीत पुढच्या घडाचा गर्भ धरतो, त्याच सुमारास आभाळ भरून राहिले किंवा वेल दाटला तर ऑक्टोबरात घड कमी निघतात. बागाईतदार फुटवे काढतात ते यासाठीच. चुनखडीच्या रानातल्या उसाचे दुखणे आणखी निराळे. ऊन आहे, पाणी आहे, पण पान पिवळेपांढरे पडते. आपण त्याला केवडा म्हणतो. लोह मुळांना मिळत नाही आणि लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही. अशा उसाला युरिया टाकत बसण्यापेक्षा कृषी सहायकाला विचारून हिराकसाची फवारणी केलेली बरी. आणि चाराटंचाईच्या साली उभ्या उसाची हिरवी पाने ओरबाडली तर उसाची चूलच आपण काढून नेतो. खालचे वाळलेले पाचट काढा, वरचे हिरवे राहू द्या.

उष्णतेचे गणित शाळूला पेरणीच्या वेळी भोवते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची वेळ सांगतात. उशीर झाला की रोप लहान असतानाच थंडी गाठते. ज्वारी मूळची उष्ण हवेची, गार रात्रींत तिची पाने सावकाश वाढतात आणि पाने लहान तर कमाईही लहान. तीच थंडी दाणा भरताना मात्र उपकारक. झाड रात्री श्वासोच्छ्वासात साखर खर्च करते आणि रात्र जितकी गार तितका हा खर्च कमी.

जानेवारीत आपण आगटीवर हुरडा भाजतो, तो गोड लागतो, कारण पानातून उतरलेली साखर अजून पिठूळ झालेली नसते. आठ-पंधरा दिवसांत तिचे पीठ होते आणि गोडी जाते. या काळात दाण्यात येणारा बहुतेक माल वरची पाने रोजच्या रोज बनवत असतात. कडबा हिरवा मिळावा म्हणून काहीजण याच वेळी काढणीची घाई करतात. तसे करण्याआधी कणसाच्या खालच्या भागातले चार दाणे काढून त्यांचे बूड पाहावे. जेथे दाणा बोंडाला चिकटलेला असतो तेथे काळा ठिपका दिसला तर पानाने पाठवायचे ते सगळे पाठवून झाले, विळा लावायला हरकत नाही. ठिपका नसेल तर पाने अजून दाण्यासाठी राबत आहेत, आणखी काही दिवस थांबावे.