चुन्याचा अंगरखा

आपल्या सुप्याकडे दगड काळा. मोठा चिवट. शेकडो वर्षं उन्हापावसात उभा राहतो. पण सगळेच दगड असे नसतात. गोव्यातल्या एका जुन्या चर्चवरून हे चांगलं समजतं.

जुन्या गोव्यात बॉम जेझू नावाचं चर्च आहे. पोर्तुगीजांच्या राज्यात 1594 साली त्याचं काम सुरू झालं. 1605 साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. चर्च 183 फूट लांब आणि 55 फूट रुंद आहे. पुढची भिंत 78 फूट उंच आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह इथं चांदीच्या पेटीत ठेवला आहे. म्हणून सर्व धर्मांचे लोक इथं येतात.

या चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो. त्याचे चिरे सहज कापता येतात. वारा लागला की तो कडक होतो. पण त्याच्या अंगात बारीक भोकं असतात. त्यातून तो पाणी पितो. त्याच्यावर नाजूक नक्षीही नीट उठत नाही. म्हणून पुढच्या भिंतीवरच्या नक्षीसाठी वसईहून काळा दगड आणला. आणि जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा केला.

हा गिलावा नुसता शोभेचा नव्हता. तो भिंतींचा अंगरखा होता. पावसाचा मारा तो आपल्या अंगावर घेई. झिजला की नवा लावायचा. दगड मात्र आत सुरक्षित.

मग काय झालं? 1950 नंतरच्या काळात हा गिलावा काढून टाकला. इमारतीचं जुनेपण दिसावं, असा विचार होता. आतला लाल दगड उघडा पडला. लोकांना तो रंग आवडला. आज चित्रांत चर्च लालच दिसतं.

पण गोव्यात वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. उघडा जांभा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. हळूहळू त्याची माती होऊन गळते. म्हणून 2020 साली चर्चच्या धर्मगुरूंनीच गिलावा पुन्हा करावा अशी मागणी केली.

आपल्याही गावात जुनी देवळं, वाडे, बारवा असतात. त्यांची डागडुजी करताना घाई करू नका. काही खरवडण्याआधी जाणत्या गवंड्याला विचारा, "बाबा, हे इथं कशासाठी लावलं होतं?" जुन्या माणसांनी केलेल्या कामाला बहुधा कारण असतं. ते आधी समजून घ्यावं, मग हात लावावा.